तळटीप

चौथ्या अंकात राणी राजाला
एकदाच 'दाऊ' म्हणते.
त्याआधी साडेतीन अंक 'यू', नंतर मरेपर्यंत 'यू'.
मधेच हे एक 'दाऊ',
आपल्या दोरीवर शेजारच्यांचा शर्ट वाळत असावा तसं.

गाइड म्हणतं, 'दाऊ' प्रेमानं म्हणतात
किंवा तुच्छतेनं.
तळटीप म्हणते, छापणाऱ्याची चूक असावी.
ठवकर मॅडम म्हणाल्या, मोठ्यानं वाचा, कळेल.
वाचली. छत्तीस जणांनी.
वर्गातला पंखा आमच्याहून स्पष्ट बोलत होता.

एप्रिल संपत आलेला. कॉलेजची टेस्ट अकरा दिवसांवर.
गोळीबार चौकाजवळच्या आमच्या ओसरीत
अर्ध्या नागपूरचे कूलर बाबांची वाट पाहत बसलेले,
जळालेल्या मोटारी, गंजक्या जाळ्या,
मागच्या वर्षीच्या वाळ्याचा कुबट वास.
बाबा तांब्याची तार गुंडाळतात, वेढे मोजत.
मधे कुणी बोललं की पुन्हा एकपासून.
म्हणून आई दारातच थांबते
आकडा संपेपर्यंत,
मग विचारते, "जेवून घेता का तुमी?"
बावीस वर्षं "तुमी".
भांडतानाही "तुमी",
उलट तेव्हा जरा जास्तच.

त्या दुपारी बाबा टिनावर चढले होते
निमजेकाकूंचा कूलर जोडायला.
मी खाली शिडी धरून, मांडीवर चौथा अंक.
मेन बंद आहे असं बाबांना वाटत होतं.
आईला आतून मीटरवरचा लाल दिवा दिसला.

"सोड थे! हात नोको लावू!
ऐकून नाही राहिला का तू?"

गल्ली थांबली.
बाबांच्या हातातली वायर टिनावर पडली, तडतडली.
आईनं मेन पाडला,
पदराला हात पुसले, ओले नव्हते तरी,
मग वर बघून,
"पाणी देऊ का तुमाले?"

प्रेम? असेल.
पण प्रेमाला तेव्हा उभं राहायला जागा कुठे होती.
'तुमी'पर्यंत जायला एक पायरी चढावी लागते,
आई पायरीवर नव्हतीच, थेट वायरीपाशी होती.
इंग्रजीत दोन्ही शब्द एकाच मापाचे, हे मला ठाऊक आहे.
तरी पेन्सिलीनं मी तळटीप खोडली.

बाबा त्यावर काही बोलले नाहीत.
फक्त त्या रात्री तीनदा
एकपासून मोजलं, आणि कुणीच मधे बोललं नव्हतं.

टेस्टला तीच ओळ आली, पाच मार्कांना.
आधी राणी लिहिली. मग राहवलं नाही,
टिन लिहिलं, वायर लिहिली, लाल दिवा.
अडीच मिळाले.
समासात लाल पेनानं एकच शब्द: संदर्भ?

पेपर घेऊन घरी आले,
बाबांना विचारावं म्हटलं, देऊ का संदर्भ.
दोनशे अकरा, दोनशे बारा.
मी दारातच थांबले.