घंटीच्या आधी

शेवटच्या डब्यातली ही खिडकी माझी.
युलिसेस पुढे, सहा डब्यांपलीकडे, अंधाराकडे तोंड करून.
आख्खी पाळी आम्ही एकमेकांना दिसत नाही.
आमच्यात बोलणं एवढंच: मी घंटी देते, तो निघतो.
घंटी म्हणजे, दारं मी बघितली आहेत.
घंटी म्हणजे, माझ्या डोळ्यांच्या भरवशावर गाडी हाक.

ब्युनोस आयरेसच्या पोटात
दुपार आणि मध्यरात्र सारखीच पिवळी.
नाकात लोखंडाची धूळ, जिभेवर नाण्याची चव.
एका पाळीत मी दारं किती वेळा लावते
ते एकदा मोजायला घेतलं,
तर मोजण्याच्या नादात एक स्टेशन डोळ्यांसमोरून निसटलं.
तेव्हापासून मोजत नाही.

फोन लॉकरमध्ये ठेवायचा, असा नियम.
नियम भिंतीवर होता, फोन खिशात.
आई इस्पितळात,
आणि बहीण म्हणालेली, काही झालं तर कळवते.
काही झालं म्हणजे काय, ते आम्ही दोघी जाणून होतो.
म्हणून मांडीशी थरथर झाली
तेव्हा मी वाइटाला तयार होते.
वाईट बातमी मी पुढच्या स्टेशनापर्यंत थोपवली असती,
खरंच. इतकी वर्षं थोपवतेच आहे.

पडद्यावर होतं:
आज तिनं मला मिर्ता म्हणून हाक मारली.

मी हसले, एवढंच.
हसता हसता अंगठ्यानं घंटी दिली.

फलाटावर शाळा सुटलेली पोरं,
गुडघ्यापर्यंत पांढरे डगले, खिशांवर शाई.
एकाच्या डगल्याचा मागचा पट्टा सुटलेला,
तो दारात.
रबराच्या दोन ओठांत दोन बोटं रुंद कापड.
एवढं पातळ काही दाराला जाणवत नाही,
त्याला वाटतं, आपण लागलो. दिवा विझतो.
दिवा खोटं बोलत नाही, त्याला कळतंच तेवढं.
बाकीचं कळायला मला ठेवलंय.

गाडी हलली.
चार पावलं तो बरोबर चालला, खेळ समजून,
मग धावू लागला,
मग त्याचं तोंड उघडं राहिलं, आवाज नाही.
पेपर विकणारी बाई किंचाळली
आणि माझा हात ब्रेकवर गेला.
एवढ्या कोलाहलात
मला फक्त शिवण उसवल्याचं ऐकू आलं.

पोरगा खाली बसला. उठला. गुडघा झटकला.
‘माझा पट्टा,’ म्हणाला. ‘आई मारेल.’

अहवालात कारणाचा रकाना दोन शब्दांचा.
साहेब म्हणाले, लिहा, प्रवाशाचा निष्काळजीपणा.
बरोबर मावत होतं.
मी लिहिलं, आनंद झाला.
मग ते खोडून लिहिलं, फोन.

युलिसेसनं समोर बसून माते ढवळला,
पहिला घोट स्वतः घेतला, कडू असतो म्हणून.
म्हणाला, बायको गेली त्या आठवड्यात
मला सिग्नल लाल दिसला, अगदी स्वच्छ लाल,
पण लाल म्हणजे काय, ते आठवायला वेळ लागला.
कुठे थांबलो, ते विचारू नकोस.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग, ‘परत आलीस की तुझ्याच घंटीवर निघणार मी.
मागे दुसरे डोळे नाहीत मला.’

निलंबनाचे पंधरा दिवस आईपाशी बसले.
तिनं मला नर्स समजून पाणी मागितलं.
रोज. अगदी अदबीनं.

आता फोन लॉकरमध्ये.
तरी मांडी थरथरते, रिकाम्या खिशाखाली,
पूर्वी थरथरायची तिथेच.
मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकलेली.
हाक कुणाची ते बघत नाही, दारं बघते.
तिसऱ्या डब्यापाशी एक म्हातारा
मध्येच उभा राहून चष्मा पुसतोय,
एक पाय आत, एक फलाटावर.
आधी एक काच, मग दुसरी, मग परत पहिली.
पुसू दे.
पुढे युलिसेस वाट बघत असेल.
अजून मी घंटी दिलेली नाही.