राखेचं पाणी

त्यांची नखं निळीच असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
रात्रपाळीच्या पहिल्याच फेरीत मी दचकले,
मास्क ओढला, डॉक्टर न्वाचुक्वूंना हाक मारली.
बोटावरचं यंत्र नुसतंच चाचपडत राहिलं.
तेव्हा लराबा, त्यांची लेक, डोळे पुसता पुसता हसली:
"साठ वर्षं नीळ घोळलीय त्यांनी,
कानोच्या खड्ड्यांच्या काठी उकिडवं बसून.
हा रंग आता निघायचा नाही."
यंत्र कानाच्या पाळीला लावलं. सत्त्याण्णव.

आतड्याचा पीळ सोडवून चार दिवस झाले.
नाकातली नळी हिरवट पाणी ओढतेय, बाटलीमागून बाटली.
जठरातलं आंबट, ज्याला जन्मभर जळजळ म्हणून शिव्या घातल्या,
तेच निघून चाललंय.

दोनच्या सुमाराला मालम दनलामींचे हात वळू लागले.
अंगठा आत, बोटं ताठ, मनगट दुमडलेलं.
मला वाटलं, झोपेत कापड पिळताहेत.
"पिळताना हात असा होत नाही," लराबा म्हणाली.
तिचं बरोबर होतं.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं.
लाल. निळीचा मागमूस नाही.
जनरेटर धरेपर्यंत
बर्फातली सिरिंज छातीशी घेऊन उभी राहिले,
हरमॅटनची धूळ दाताखाली कचकचत.

सात पूर्णांक अठ्ठावन्न.
क्लोराइड तळाला. पोटॅशियम अडीच.
श्वास मिनिटाला नऊ,
उरलंसुरलं आम्ल सांभाळत
शरीर एकेक उच्छ्वास मोजून खर्चतंय.

हे हौसात कसं सांगायचं?
"बाबा, तुमच्या रक्तात राखेचं पाणी जास्त झालंय."
त्यांनी डोळे उघडले.
चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
धंद्यातल्या माणसाकडे पाहावं तसं.
"चाखलंस?"
"यंत्रानं चाखलं."
"मग घाईनं आंबट ओतू नकोस. खड्डा मरतो."

डॉक्टरही दुसऱ्या शब्दांत तेच म्हणाले होते.
सलाइन. त्यात पोटॅशियम, तासाला दहा, त्याहून अधिक नाही.
नजर हृदयाच्या रेघेवर. लघवी मोजायची.
जठराला आंबट कमी करायचं इंजेक्शन.
"मूत्रपिंडं राख घट्ट धरून बसलीत,
त्यांच्याकडे मीठ नाही म्हणून.
मीठ द्या सिस्टर, मूठ आपोआप सुटेल."

मी मीठ दिलं. थेंब मोजले.
मोजता मोजता एकदा डुलकी लागली, तीही मोजली.

पहाटेच्या अजानला करंगळी उलगडली.
मग बाकीची.
अंगठा सगळ्यांत शेवटी, रुसल्यासारखा.

सात पूर्णांक एकोणपन्नास.
अजून बरोबर नाही. आठला पुन्हा रक्त.

"किती?" त्यांनी विचारलं.
मी आकडा सांगितला. त्यांनी तो मानला नाही.
"नळीतलं पाणी कसलं दिसतंय?"
"फिकं हिरवं."
बराच वेळ विचार केला त्यांनी.
"अजून दोन बुडक्या," म्हणाले,
आणि निळे हात पोटावर ठेवून झोपले.