भाऊबंद

जूनमध्ये लुआंग्वाचं पाणी उतरू लागलं होतं.
वाळूची पाठ वर आलेली, तिच्यावर मगरी
वाळत घातल्यासारख्या.
तंबूला तीन बाजूंनी कापड, चौथीला जाळी,
जाळीपलीकडे नदी.
"कुलूप?" मी विचारलं.
लॅक्सनने जाळीची चेन ओढून दाखवली
वरपासून खालपर्यंत, हळूच,
लहान मुलाच्या स्वेटरची ओढावी तशी.

नियम एकच होता:
अंधार पडला की एकटं चालायचं नाही.
जेवायला जाताना तो पुढे,
मी त्याच्या टाचांवर नजर ठेवून.
टायरच्या चपला, एकीचा अंगठा तारेने शिवलेला.
तो मध्येच थांबायचा. मीही थांबायचे.
दिसायचं काहीच नाही,
फक्त अंधाराचा एक तुकडा
बाकीच्या अंधारापेक्षा जरा जवळ,
पाला ओरबाडल्याचा आवाज, मग पोटातली गुरगुर,
माळ्यावर कुणी पेटी सरकवावी तशी.
"न्जोवू," तो कुजबुजला. हत्ती.
आणि छातीवरच्या पट्टीवर टॉर्च मारला:
लॅक्सन न्जोवू.

पहिल्या रात्री अंथरुणात पाय घातले
आणि किंचाळले. काहीतरी गरम, मऊ, जिवंत!
तो काठी उगारून धावत आला.
पांघरूण उचललं तर
गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरीचं झबलं घातलेली.
स्वयंपाकघरातल्या झेलेसीबाईंनी ठेवली होती, थंडीची.
"ही चावत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

पाणघोडे रात्रभर बोलतात.
लग्नघरी जेवणं उरकल्यावर
पुरुषमंडळी पान चघळत जुने विनोद काढतात ना, तसे.
एकाचं सांगून व्हायच्या आत
बाकीचे हसायला तयार.

म्हणूनच असेल,
दुसऱ्या रात्री पलीकडच्या काठावरून
पत्रे बडवल्याचा आवाज आला,
पराती, पातेली, बायकांचे चढे गळे,
तेव्हा मला वाटलं, वरात.
पिशवी पोटाशी घेऊन
मी ठेकासुद्धा धरला,
आणि त्यातच झोपले.

पाचला चहा. लॅक्सनच घेऊन आला.
"काल लग्न होतं का रे तुमच्या गावात?"
"कणगी फोडली," तो म्हणाला.
"माझी. बांबूची, विणलेली.
मका होता वर्षाचा.
भिंतीतून सोंड घातली आणि उभ्या उभ्या जेवला.
तिसाउके पातेलं बडवत राहिली.
खाताना तो घाई करत नाही."
"आणि तू?"
"मी इथे. तुमच्या दाराशी."
आवाजात ठपका नव्हता.
त्याच आवाजात त्याने विचारलं,
साखर एक की दोन.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सांगू लागले:
आमच्यातही असतं असं. देवक म्हणतात.
कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस.
त्याला तोडायचं नाही, दुखवायचं नाही.
त्याने नीट ऐकून घेतलं.
"मोर मका किती खातो?"

मी कपात बघत राहिले.
नदीवर एक डोंगी आडवी चालली होती,
तिच्यात रिकामी पोती.
जरा वेळाने तोच म्हणाला,
"भाऊबंद आहे. वाटा मागणारच."
म्हणजे, तो म्हणाला होता
"माझ्या बापाच्या घरचा आहे."
भाऊबंद हा शब्द माझा,
बांधाच्या खटल्यात तीन पिढ्या घालवलेल्या
माझ्या माणसांचा.
त्याच्या तोंडी तो इतका कडू नसेल.

तिसऱ्या रात्री मी जागी.
पलीकडे सामसूम. पाणघोडेही गप्प.
जाळीबाहेर टॉर्चचा ठिपका,
माझ्या तंबूकडे पाठ, नदीकडे तोंड.
मधूनच तो विझवायचा,
म्हणजे कान मोकळे होतात, असं तोच म्हणाला होता.
मग मीही श्वास धरून ठेवायचे.
वाजतंय का काही?
नाही.
आता?

पायाशी पिशवी गार होत गेली.