पाहुण्याला परवानगी नाही

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम असला की
संगणकाचं झाकण उघडण्याआधी तोंडाला ओढणी बांधावी लागते.
तरी तीन शिंका आल्याच.
पंख्यावर लाल थर,
खरवडला तर एका वेळच्या भाजीला पुरेल.

हा काट्यावरचा जुना.
ट्रक प्लेटवर चढला की याला कळतं, फक्त यालाच कळतं.
वजनाचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी नाशकातून कधीच उठून गेली
मागे एक फ्लॉपी ठेवून.
शेजारी प्रिंटर, सुया मारणारा, कार्बनच्या तीन पावत्यांचा,
त्याची केबल मनगटाएवढी, दोन्ही कडांना स्क्रू.

पलीकडे ऑफिसात नवा.
लोकेशने धुळ्याहून आणला,
पडद्यावरचं प्लास्टिक अजून काढू देत नाही.

दोघांमधली वायर मीच ओढली, पत्र्याखालून, सुतळीने बांधत.
नव्यावरून चार हाका मारल्या.
चारही परत आल्या.
म्हणजे आहे. जागा आहे.
पण यादीत दिसत नाही,
आणि नाव घालून दार वाजवलं तर नवा म्हणतो,
पाहुण्याला परवानगी नाही.

हिलाल जिभाऊ काट्याच्या खिडकीतून ओरडले,
"काय व्हयनं?"
सांगितलं.
चष्मा कपाळावर ढकलून ते आत आले,
एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे.
"तो बोलस ना? मंग हाऊ काब्र आयकत नई?"

म्हटलं, जिभाऊ, जुन्याची बोली नव्यात आहे,
पण कुलपात.
त्या बोलीच्या दाराने पूर्वी चोर शिरलेत.
कुलूप काढता येतं, दोन मिनिटांचं काम,
पण मी काढणार नाही.
त्यांनी मान हलवली,
पटल्यावर हलवतात तशी नाही,
बँकेतल्या बाईपुढे हलवतात तशी.

बाहेर तीन ट्रॅक्टर थांबलेले.
लोकेश म्हणाला, तो भंगारात द्या ना.
जिभाऊ म्हणाले, मंग काटा कोन बोलाई? तू?

गोदामात बारदानाखाली एक तिसरा निघाला.
मधल्या वयाचा.
मागे जाड केबलची जागाही आहे,
आणि जुन्याशी जुनं, नव्याशी नवं
दोन्ही बोलतो, न अडखळता.
प्रिंटर त्याला जोडला.
त्याच्यात एक फोल्डर केलं, नाव ठेवलं काटा.
वजन जुना टाकेल, हिशोब नवा उचलेल,
पावती दोघंही काढतील.

पासवर्ड काय ठेवू, विचारलं.
जिभाऊंनी कानात सांगितला,
मग विसरू नये म्हणून
खडूने भिंतीवर लिहिला, हमालांच्या उंचीवर.

घरी आईचा फोन येतो तेव्हा
माझा मुलगा थोडा वेळ हं हं करतो
आणि फोन माझ्या हातात देतो.
काय म्हणते गं आजी?
मी सांगते. त्याचं तिला सांगते.
कधी दोघांकडून थोडं थोडं गाळते.

पहिला ट्रॅक्टर चढला.
सुया करकरल्या, कागद पुढे सरकला, थांबला, पुन्हा सरकला.
पावती आली.
टाळ्या वाजवायला कुणाला सवड नव्हती.

मग लोकेशने नव्यावर गेल्या साली फाईल उघडली.
गावांची नावं, माणसांची नावं, मिरचीची जात,
सगळ्याचं झालेलं कंस, डॉलर, उद्गारचिन्हं.
जुन्या फॉन्टचं मराठी, नव्याला तो फॉन्ट माहीत नाही.
मी कपाळाला हात लावला, तो तिखटाचा होता,
डोळे चुरचुरायला लागले.

जिभाऊ मात्र पडद्याला नाक लावून
बोटाने ओळ धरून वाचत होते.
सत्तावीस चाळीस. एकतीस पाच. अठरा नव्वद.
"आकडा बरोबर शेतस," म्हणाले,
"नावे मंग दखसूत."

निघताना मधल्यावर कागद चिकटवला:
बंद करू नये.
खाली जिभाऊंनी खडूनेच,
माझं अक्षर झाकून जाईल असं,
लिहिलं: रातलेबी.