लेबलाची शेपटी

अजमानमध्ये, पडद्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
एसीचं पाणी बादलीत पडतं,
बादली भरली की फरीद ती ओतून येतो
आणि किती वाजले ते कळतं.

उद्या नगरपालिकेत नकाशे द्यायचेत.
अडतीस व्हिला, एकाच साच्याचे.
सगळ्या दारांना लेबलं एका क्लिकमध्ये लागतात,
वाळत घातलेल्या बोंबलांवर माश्या बसाव्यात तशी, एकदम.
मग प्रत्येकाला हाताने हलवायचं:
हे जिन्यावरून काढ, ते संडासाच्या भांड्यातून उचल,
दोन आकडे एकमेकांच्या अंगावर झोपलेत, त्यांना सोडव.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो,
लेबल लिहायचं नसतं.
लेबल आतलं वाचतं. दार नव्वदचं असेल तर नव्वद म्हणेल,
दार पुसलंत तर तेही जाईल, मागे रेंगाळणार नाही.
आत काही भरलंच नसेल
तर प्रश्नचिन्ह दाखवेल.
खोटं बोलतं ते हाताने टाइप केलेलं अक्षर.

मजलिस. जेवणघर. मोठं शयनगृह,
त्याला लागून अठरा चौरस मीटर, नुसत्या कपड्यांना.
खाली अरबी. अरबी मला वाचता येतं,
हर्णैच्या मदरशात छडीखाली शिकलो;
अर्थ इथे येऊन कळायला लागले, तेही खोल्यांचेच.
गुरफा म्हणजे खोली.
खादिमा...
आमच्याकडे दर्ग्यातल्या खादिमाला लोक उठून जागा देतात.

लाँड्रीच्या मागे, दोन दहा बाय एक पंच्याऐंशी.
खिडकी नाही, पंख्याचं भोक आहे.
'गुरफत खादिमा' तिच्यात मावत नाही.
अक्षर बारीक करायचं नाही, अडीच मिलिमीटर म्हणजे अडीच.
मग नाव बाहेर ओढायचं,
त्याला शेपटी काढायची
आणि शेपटीचं टोक खोलीत सोडायचं.
लाँड्रीत ठेवलं, तर कुरुविलासाहेबांनी लाल पेनाने गोल केला:
लाँड्रीलाच खादिमा म्हणतोयस असं वाटतं.
शेवटी मी ते कंपाउंडच्या भिंतीपलीकडे नेलं, रस्त्यावर.
तिथे जागाच जागा.

एकदा भिंत पंधरा सेंटीमीटर सरकवून पाहिली.
लेबलाने लगेच वाचलं: ३.८९ चं ४.२०.
लाँड्रीचं कमी झालं, तेही वाचलं.
खांब ठरून गेलेत, कुरुविलासाहेब मान न वळवता म्हणाले.
भिंत परत घेतली.

दार मात्र मी आत उघडणारं काढलं होतं, सवयीने.
ते खाटेवर आपटलं.
उलटं केलं. आता बाहेर उघडतं.

जैतून फुफी चौदा वर्षं कुवेतला होती, एका घरात.
तिकडून यायची दूध पावडर, अत्तर,
आणि आवाज भरलेल्या कॅसेटी.
कॅसेटीत ती ते घर सांगायची, दारं मोजून:
खाली नऊ, वर सात, एक गच्चीचं.
आम्ही पोरं पडवीच्या भिंतीवर कोळशाने काढायचो ते.
ती झोपते कुठे, हे कुणी काढलं नाही.

साडेअकराला फोन केला. तिकडे एक वाजला होता.
जागीच असते, गुडघ्यांमुळे.
म्हटलं, फुफी, तुझ्या खोलीचं दार कसं उघडायचं,
आत का बाहेर?
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.
"भायेर," म्हणाली. "का रे? कोनी सांगलान तुला?"

कडी कुठल्या बाजूने होती, ते मी विचारलं नाही.
दारांच्या तक्त्यात तो रकाना अजून रिकामा आहे.
अडतीस ओळी, अडतीस प्रश्नचिन्हं.
बादली भरून वाहायला लागलीय,
फरीद केव्हाच घरी गेला.