कास्ट

फॉर्मवर लिहायचं असतं 'कास्ट'.
ओस्ला हॅलक्रो म्हणाली, छे, याला आम्ही स्टूकी म्हणतो,
कास्ट करतात ती पीट.
मनगट मोडलेलं, नखांत अजून काळी माती,
लर्विकच्या इस्पितळात रात्री साडेनऊचं ऊन
तिच्या ओल्या प्लास्टरवर.

मला वाटलं, फेकतात?
तर नाही. दलदलीतून टस्करनं
विटांसारखी जळाऊ माती कापायची,
काठावर मांडून वाऱ्याला द्यायची,
हिवाळ्यात चुलीत सारायची. ते कापणं म्हणजे कास्ट.
आणि जाळं कास्ट, गळ कास्ट,
सुईवरचे पहिले टाके कास्ट, शेवटचेही कास्ट,
एकदा ऑन, एकदा ऑफ, एवढाच फरक.
आणि मत, ती म्हणाली,
पण त्या गळाला कधी काही लागत नाही.

मी मनातल्या मनात मराठी चाचपत होतो.
जाळं टाकतो, मत टाकतो, नांगर टाकतो,
कटाक्ष, उसासा, पाऊल.
टाके मात्र घालतो. प्लास्टरही घालतो.
लोखंड ओततो. नाटकात माणसं
टाकत नाही, घेतो.
आणि मान टाकतो,
जे यांच्या क्रियापदाला जमत नाही.

इंकस्टर मास्तर, निवृत्त, दर गुरुवारी
गुडघा घेऊन येतात. त्यांनी सांगितलं,
शब्द मुळात समुद्रापलीकडचा.
हजारेक वर्षांपूर्वी लांब होड्यांतून उतरला:
कास्टा, म्हणजे फेक.
इंग्रजीकडे फेकायला घरचा शब्द होता, वेओर्पन.
पाहुण्यानं त्यालाच उचलून बाहेर फेकलं.
भटाला दिली ओसरी, मी म्हणालो,
आणि भट कोण, ओसरी काय, सांगता सांगता
मास्तरांचा गुडघा शेकून झाला.

मग मेला का तो?
मरतोय कुठला. मागावर जाऊन बसला,
वार्प झाला, उभा ताणा,
ज्याच्यामधून बाकी सगळे आडवे जातात.
आणि पाण्यानं वाकलेल्या फळीतही आहे.
माझं मागचं दार लागत नाही ना,
तोच अडून बसलाय.

प्लास्टर कापलं त्या दिवशी ओस्लाची बस चुकली.
मी सोडायला निघालो.
वळणावर ती ओरडली, कास्ट!
मी ब्रेक दाबला, काही कळेना.
उतारावर एक मेंढी, पाठीवर पडलेली,
चार पाय आभाळाकडे.
यालाही तोच शब्द.
लोकर भिजून जड झाली की आपणहून उलटता येत नाही,
दुपारपर्यंत कावळे डोळ्यांशी येतात.

तिचा एक हात नुकता उघडा पडलेला,
पांढरा, बारीक, कोंबासारखा. दुसऱ्यानं तिनं लोकर धरली,
मी पलीकडून. एक, दोन, आणि मेंढी उभी.
उभी म्हणजे आमच्या गुडघ्यांना टेकून.
सोडायची नाही लगेच, ओस्ला म्हणाली,
पायांना आठवायला वेळ लागतो.

त्या वेळात तिनं लाउरीचं सांगितलं.
बर्गनकडच्या तेलाच्या रिगवर,
आधी महिन्याच्या बोलीनं, मग वर्षाच्या.
शेवटच्या वेळी धक्क्यावरून
बोटीचा दोर मीच सोडला, म्हणाली,
आणि तो क्रियापदाचाच शब्द वापरला.
ज्या किनाऱ्यावरून तो शब्द आला
त्याच किनाऱ्याला तो माणूस गेला,
हे मास्तरांना सांगायला हवं, असं आधी वाटलं.
मग वाटलं, नको.

माझ्या भाषेत तिच्यासाठी एक शब्द तयार होता,
भूतकाळातला, ल लागलेला,
गल्लीत कुजबुजत म्हणायचा.
जिभेपर्यंत आला. गिळला.
दोर तिनं सोडला होता.

मेंढी थरथरली, मुतली,
दोन पावलं तिरकी, मग सरळ,
आणि मागे न बघता चरायला लागली.
ओस्लानं हाताची लोकर झटकली.
चल, म्हणाली, घर इथंच आहे, चहा...
पुढचं क्रियापद तिनं कुठलं वापरलं
आठवत नाही.
मला ऐकू आलं,
टाकते.