पूर्ण माप

माऊस माझ्या हातात बसत नाही.
हा हात एकोणचाळीस वर्षं रंध्याच्या मापाने वाढला.
ग्रासिंदा म्हणते, एवढा आवळू नका, सिन्योर औरेलियु,
तो काही पळून जात नाही.
पण तो पळतो.
कर्सर पडद्याच्या कडेला जाऊन दडतो
आणि ज्यांच्या बापांच्या बोटी मी आखल्या
ती पोरं खाली बघून हसतात.

मंगळवार, गुरुवार, सात ते नऊ,
विला दु कोंदच्या शाळेचा वरचा मजला.
खिडकीतून नदी दिसते, आमची गोदी दिसत नाही.
मालक म्हणाला होता, शिकून घे, नाहीतर...
पुढचं बोलला नाही. माणूस भला आहे.

रेघ टोकाजवळ नेली
की आपोआप टोकाला चिकटते,
एवढासा हिरवा चौकोन उमटतो.
जे मी डोळा बारीक करून, श्वास रोखून करत आलो
ते इथे फुकट.
मला राग आला. खोटं कशाला बोलू.

लेयरचं मात्र आवडलं.
दिव्याचं चिन्ह दाबलं की फळ्या नाहीशा,
उरतो नुसता सांगाडा.
फळ्या ठोकण्याआधी तो दर वर्षी बघतो मी,
ठोकल्यानंतर
कधीच बघितला नव्हता.

कंट्रोल आणि झेड.
आखणीच्या तक्तपोशीवर चुकलेली रेघ
काचेच्या तुकड्याने खरवडावी लागते,
आणि सकाळी ऊन तिरपं आलं
की ती जागा चुगली करते.
माझ्या एक्क्याण्णव सालच्या चुका
तिथे अजून वाचता येतात.
इथे सात वेळा झेड दाबला
आणि मी कधी चुकलोच नव्हतो.
बरं वाटलं. मग जरा एकटं वाटलं.

तिसऱ्या गुरुवारी फाईल साठवायला विसरलो, वीज गेली.
दोन तासांची नाळ, अख्खा कणा, पाण्यात.
शेजारचा तेल्मू म्हणाला, होतं असं सगळ्यांचं.
घरी बायकोला सांगितलं नाही.

मग आली वक्ररेषा.
ग्रासिंदाने बोटीच्या कुशीवर अकरा बिंदू ठेवले
आणि रेषेला पोट सुटलं, दोन ठिकाणी.
मी म्हणालो, वजनं जास्त झाली.
कसली वजनं?

पुढच्या वेळी घेऊन गेलो
पाइनची लांब लवचीक पट्टी,
शिशाची सहा वजनं, बदकासारखी, चोच पुढे काढलेली.
दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये टेबलावर मांडली,
चोचींखाली पट्टी दाबली, वाकवली.
मग एक बदक उचललं.
पट्टी किंचित हलली
आणि तिला हवी तिथे जाऊन बसली.
दुसरं उचललं.
मी म्हणालो, लाकडाला थोडं बोलू द्यायचं.

कुणी हसलं नाही.
ग्रासिंदाने पडद्यावरचे सात बिंदू पुसले.
रेषा शांत झाली.
पुस्तकात हिला स्प्लाइन म्हणतात, ती म्हणाली,
आधी ही लाकडाची होती
हे मला कुणी सांगितलंच नाही.

त्या संध्याकाळी मी विचारलं
(महिनाभर विचारायला लाजत होतो)
की ही सगळी बाहुल्यांची बोट, कितव्या हिश्शात काढायची?
हिश्शात नाही, ती म्हणाली. पूर्ण मापात.
बारा मीटरची बोट इथे बारा मीटरच असते,
लहान दिसते ती फक्त आपल्याला.

मी चाक फिरवलं.
बोट तांदळाच्या दाण्याएवढी झाली.
उलटं फिरवलं,
एका फळीचं टोक आलं, पडदाभर,
जसं गुडघ्यांवर ओणवं होऊन
तक्तपोशीवर दिसतं.
गुडघे दुखले नाहीत एवढंच.

काल पहिली प्रिंट निघाली.
सवयीने पट्टी लावली.
अर्धा मिलिमीटर कमी.
ती म्हणाली, हवा दमट आहे, कागद हलतो.
मी म्हणालो, हलणारच,
तोही लाकडाचाच.

मग फाईल साठवली.
दोनदा.